पाच मिलिग्रॅमचा संसार

संधिवाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बाहेर बाकावर बसलं की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक, चिठ्ठी हातात पडल्या पडल्या कंपाउंडरला विचारणारी, "यात स्टेरॉइड नाही ना हो?" आणि दुसरी, पिशवीतून कागदाच्या पुड्या काढून दाखवणारी, "हे घेतलं की दोन दिवसांत उठून कामाला लागते बघा. पण बंद केलं की पुन्हा जैसे थे." पहिलीला औषधाच्या नावाची धास्ती आहे. दुसरी बहुधा तेच औषध वर्षानुवर्षं खाते आहे, आणि तिला त्याचा पत्ता नाही. या दोघी एकाच बाकावर बसतात आणि सासू-सुनांच्या गोष्टी बोलून आपापल्या घरी जातात. त्यांनी औषधाबद्दल बोलावं, एवढ्यासाठी हे पुस्तक काढावंसं वाटलं.

मी डॉक्टर नाही. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे आणि मी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेते. कधी जास्त, कधी कमी, मधे काही काळ अजिबात नाही. पुस्तकातलं बाकीचं लेखन माझ्यासारख्याच माणसांचं आहे, आणि त्यातली वैद्यकीय माहिती संधिवाताच्या डॉक्टरांनी तपासून दिली आहे. 'स्टेरॉइड चांगलं की वाईट' या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुणी हे पुस्तक उघडणार असेल तर आधीच सांगते, ते इथे नाही. तो प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि सोबत दुसरं कुठलं औषध, हे तीन प्रश्न कामाचे. रोज ४० मिलिग्रॅम घेणारा आणि रोज ५ घेणारा यांच्या गोळीवर नाव एकच छापलेलं असतं, पण दोघांचं आयुष्य एक नसतं. आपल्याकडे मात्र सगळे नावावरून भांडतात, आकडा कुणी विचारत नाही.

आजाराबद्दल थोडक्यात. वयानुसार गुडघे झिजतात तो हा नव्हे. इथे रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि वेळीच आवरलं नाही तर शेजारची कूर्चा आणि हाड खाऊ लागतं. सुरुवात बहुतेकदा बोटांच्या सांध्यांपासून, मनगटांपासून, पायाच्या बोटांच्या मुळापासून, आणि दोन्ही बाजूंना सारखी. सकाळी तास-दीड तास मूठ मिटत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त, तेही ऐन तिशी-चाळिशीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा साधारण दर दोनशे माणसांमागे एकाला हा आजार आढळला. म्हणजे चार-पाच हजार वस्तीच्या गावात वीस-पंचवीस जण. त्यातले बरेच जण 'वात आहे' म्हणून तेल चोळत बसलेले असतात आणि तेवढ्यात बोटं वाकडी होऊन जातात.

आता औषधाची गोष्ट. ती जरा ऐसपैस सांगते, कारण आजच्या बऱ्याचशा गैरसमजांचं मूळ तिच्यात आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे डॉक्टर संधिवाताचे रुग्ण बघत. १९२९ मध्ये एका रुग्णाने त्यांना सांगितलं की आपल्याला कावीळ झाली आणि तेवढे दिवस सांधे दुखायचे थांबले. दुसऱ्या डॉक्टरने हसून सोडून दिलं असतं. हेंच यांनी तशी आणखी उदाहरणं गोळा करायला घेतली. गरोदरपणातही काही बायकांचे सांधे मोकळे होतात, हेही त्यांच्या नजरेत भरलं. म्हणजे आजार उलटवता येतो, आणि ते करणारं काहीतरी शरीरातच तयार होतं. त्याला त्यांनी 'एक्स' म्हणायला सुरुवात केली. त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळं काढत होते. त्यांतलं 'ई' हे द्रव्य हेंच यांना हवं होतं, पण वापरून बघण्याइतकं ते मिळेना. शेवटी मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तापासून, तिसाहून जास्त पायऱ्यांची रासायनिक वाट तुडवत ते बनवलं.

२१ सप्टेंबर १९४८ ला रॉचेस्टरमध्ये २९ वर्षांच्या एका बाईला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. ती इतकी आखडली होती की अंथरुणात कूस बदलणंही मुश्किल होतं. दोन-तीन दिवसांत ती हलू लागली, आणि आठवडाभरात चालत बाजारात जाऊन खरेदी करून आली. पुढच्या वर्षी हेंच यांनी रुग्णांचं आधीचं आणि नंतरचं चालणं चित्रफितीवर दाखवलं, तेव्हा भरलेल्या सभागृहातल्या डॉक्टरांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि बाझलचे टाडेउश राइशस्टाइन यांना मिळालं. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत जेमतेम दोन वर्षं, इतकी घाई नोबेल समिती सहसा करत नाही. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार राउल द्युफी हेच उपचार घ्यायला बॉस्टनला गेला. आखडलेल्या बोटांनी पुन्हा मोकळेपणी चित्रं काढू लागला, आणि औषधाचे त्रासही त्याला सोसावे लागले.

कारण तोवर दुसरी बाजू दिसू लागली होती. चेहरे गोल होत होते, झोप उडत होती, काहींचं मन भलतीकडे जात होतं, आणि इंजेक्शन थांबवलं की आजार दुप्पट जोराने परत येत होता. पण डोस बघा. त्या पहिल्या बाईला दिवसाला १०० मिलिग्रॅम कॉर्टिझोन, म्हणजे तेच 'ई', दिलं जात होतं. आजच्या हिशेबात ते रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन होतं. सोबत आजच्यासारखी दुसरी औषधं नाहीत. स्टेरॉइडची जी बदनामी आपण आजीकडून ऐकत आलो, त्यातली बरीचशी त्या काळातल्या डोसची आहे. पुढे १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन आली. कमी मात्रेत तेवढंच काम करणारी आणि अंगात मीठ-पाणी कमी साठवणारी. वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल या आपल्या ओळखीच्या पट्ट्यांमध्ये तीच गोळी असते.

आज ती कशासाठी देतात? या आजाराचं मुख्य औषध आहे मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायचं (रोज घेतल्याने जीव धोक्यात आलेली माणसं आहेत, म्हणून हे वाक्य पुस्तकात तीन ठिकाणी येतं, कंटाळू नका). जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड अशी औषधं. आजाराला मुळातून वेसण घालतात ती ही. पण त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्टेरॉइड एक-दोन दिवसांत सूज उतरवतं. म्हणून मेथोट्रेक्सेट गडावर पोचेपर्यंत स्टेरॉइडने खिंड लढवायची, असा बेत असतो. आपल्याकडे होतं असं की गडावरच्या तोफा वाजून वर्ष लोटलं तरी खिंडीतली लढाई चालूच राहते, कारण रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे गेलेलाच नसतो. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणतो. मेथोट्रेक्सेटने मळमळतं म्हणून ते बंद, आणि ज्याने बरं वाटतं ते तेवढं चालू. बरोबर उलटं.

किती दिवस खिंड लढवावी यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात रोज ७.५ मिलिग्रॅम दोन वर्षं दिल्यावर हाडांची झीज मंदावलेली दिसली, तेव्हापासून कमी डोसची बाजू घेणारे आहेत. अमेरिकेच्या तज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की शक्यतो सुरूच करू नका, आणि तीन महिन्यांहून जास्त तर नकोच. युरोपच्या संघटनेचं म्हणणं, सुरुवातीला द्या, पण जमेल तितक्या लवकर कमी करून थांबवा. २०२२ मध्ये ग्लोरिया नावाच्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या रुग्णांना दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम दिलं. आजार आटोक्यात राहिला, सांध्यांची हानीही कमी झाली, आणि संसर्ग मात्र वाढले. यातून ज्याला जे हवं ते तो उचलतो. मला एवढंच दिसतं की भांडण ५ आणि ७.५ मधलं आहे. वीस-वीस मिलिग्रॅम वर्षानुवर्षं घेण्याची बाजू कुणीच घेत नाही.

आता घरातलं. गोळी सकाळी, खाऊन झाल्यावर. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं, त्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचं. संध्याकाळी घेतली की रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे, आणि अशा वेळी माणूस कपाटं आवरायला काढतो. आमच्यातल्या एका बाईंनी रात्रीच्या जागरणात डाळी-कडधान्यांच्या सगळ्या बरण्यांना लेबलं लावून काढली, आणि सकाळी घरच्यांना वाटलं, आता बरी झाली. भूक हा दुसरा प्रकार. जेवून तास होत नाही तोच चिवड्याचा डबा बोलावू लागतो. ही हावरट भूक औषधाची आहे, आपल्या स्वभावाची नाही, हे घरच्यांना एकदा सांगून ठेवावं, नाहीतर टोमणे सुरू होतात.

आणि चेहरा. या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं चेहऱ्यावर आली आहेत, डॉक्टरांना त्याचं आश्चर्य वाटलं, आम्हाला नाही. डोस मोठा असेल तर गाल भरतात, हनुवटी गोल होते, मानेमागे मांसल उंचवटा येतो, हातपाय मात्र काटकुळे राहतात. लग्नाच्या मांडवात कुणीतरी मावशी गालगुच्चा घेऊन म्हणते, "तब्येत सुधारली हो! मानवलं सासर!" तिथे उभं राहून काय सांगायचं? एका मुलीने लिहिलंय की आधार कार्डावरचा फोटो दाखवताना बँकेतल्या माणसाने तीनदा मान वर करून बघितलं. डोस उतरला की चेहरा उतरतो, पण काही महिने लागतात. त्या महिन्यांत कित्येक बायकांनी कुणाला न सांगता गोळी सोडून दिली आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी 'चेहरा सुजेल, मग उतरेल' एवढी दोन वाक्यं सांगितली असती तर त्या थांबल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

दिसत नाही ते जास्त जपायचं असतं. साखर सकाळी उपाशीपोटी बघितली तर नॉर्मल येते आणि दुपारनंतर चढलेली असते, म्हणून तपासणी दुपारच्या जेवणानंतरचीही हवी. हाडं पहिल्या काही महिन्यांतच पोकळ व्हायला लागतात, वाट बघत नाहीत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, चालणं, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी. खुब्यात कळ आली आणि मांडी घालता येईना झाली तर 'आपला नेहमीचाच वात' म्हणून बसू नये, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याची ती खूण असू शकते. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो, दाब वाढतो, वर्षातून एकदा दाखवावं. कातडी पातळ होते, कासाराकडे बांगड्या भरताना मनगटावर निळे-जांभळे डाग उठतात. ताप हवा तेवढा चढत नाही, त्यामुळे आत मोठा संसर्ग असूनही अंग जेमतेम कोमट लागतं. आपल्या देशात क्षयरोग घराघरात आहे. दोन-तीन आठवड्यांचा खोकला अंगावर काढण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका मात्र गोळी घेण्यात नसून अचानक सोडण्यात आहे. आपल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतात ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून तेवढं किंवा त्याहून जास्त काही आठवडे येत राहिलं की ग्रंथी काम बंद करतात. मग एके दिवशी गोळी थांबली तर शरीराकडे स्वतःचं काही नसतं. गळून जाणं, उलट्या, चक्कर, रक्तदाब खाली, आणि त्यात ताप किंवा ऑपरेशन आलं तर जिवावर बेततं. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास आणि त्यात 'औषधंही नकोत' म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या माळेला कोसळलेली बाई या पुस्तकात आहे. वारीला निघताना गोळ्यांची पट्टी घरच्या फ्रिजवर राहिलेले आजोबाही आहेत. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. वरून खाली येताना पावलं मोठी चालतात, दहाच्या खाली मात्र एकेक मिलिग्रॅमला महिना लागू शकतो. त्या काळात अंग ठणकतं, आणि ते आजाराचं की उतरत्या डोसाचं हे कळत नाही. डॉक्टरांनाही लगेच कळत नाही, ईएसआर-सीआरपी या रक्ततपासण्या करून बघाव्या लागतात. त्यात आणखी गंमत म्हणजे ५ ची गोळी अर्धी करायची असते, आणि ज्या बोटांसाठी ती गोळी, त्याच बोटांनी. अंगठ्याला जोर नाही, गोळी निसटते, ओट्याखाली जाते. औषधांच्या दुकानात गोळी कापायची प्लॅस्टिकची डबी मिळते. न मिळाल्यास नातवाला बोलवा.

पुड्यांबद्दल लिहिताना हात आखडता घ्या, असा सल्ला मला मिळाला होता. घेत नाही. 'शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही' असं सांगून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे भारतात आणि परदेशातही प्रयोगशाळांच्या तपासण्यांतून पुन्हा पुन्हा उघड झालेलं आहे. प्रामाणिक वैद्यांना याची आमच्याहून जास्त चीड आहे, कारण नाव त्यांच्या शास्त्राचं जातं. ओळखायचं कसं? बिलावर औषधाचं नाव नाही, पुडीवर घटक छापलेले नाहीत, गुण दोन दिवसांत, भूक वाढलेली, चेहरा गोल, आणि थांबवलं की आधीपेक्षा वाईट. असं असेल तर पुडी घाबरून कचऱ्यात टाकू नका, तीही अचानक बंद करण्यातली नाही. घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लाज न बाळगता पुढ्यात ठेवा.

करोनाने या गोंधळात भर टाकली. २०२० च्या वसंतात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची इतकी मागणी झाली की ज्यांचे सांधे त्यावर चालतात त्यांनाच ते मिळेना. जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, तेही जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्याने जीव वाचतात. आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे हजारो रुग्ण झाले, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि वारेमाप स्टेरॉइड ही जोडी मोठ्या प्रमाणावर होती. एकाच औषधाने वर्षभरात जीव वाचवले आणि घेतलेही, आणि फरक होता तो पुन्हा मात्रेचा आणि दिवसांचा. टीव्हीवर मात्र 'स्टेरॉइडमुळे बुरशी' एवढंच आलं, आणि ५ मिलिग्रॅमवर नीट चाललेल्या कितीतरी संधिवाताच्या रुग्णांनी घाबरून गोळी बंद केली.

शेवटच्या भागावरून आमच्यात वाद झाला. बहुतेकांची गोळी सुटते, मेथोट्रेक्सेट किंवा नवी बायोलॉजिक इंजेक्शनं काम करू लागली की सुटायलाच हवी. पण काहींची सुटत नाही. कुणाला इंजेक्शनांचा खर्च झेपत नाही, कुणाचं लिव्हर मेथोट्रेक्सेट सहन करत नाही, कुणी सगळं करूनही ५ च्या खाली आलं की जिना चढू शकत नाही. त्यांचे अनुभव छापल्याने वाचणाऱ्यांना गोळी चालूच ठेवायची मोकळीक मिळेल, असं एकीचं म्हणणं. ते वगळले तर ती माणसं आपण हरलो असं समजतील, असं माझं. छापले आहेत. त्या लेखांत रडगाणं नाही. साखर, डोळे, हाडं कधी तपासली त्याच्या नोंदी आहेत, आणि कुठल्या डोसवर पोळ्या लाटता येतात आणि कुठल्यावर फक्त भाजता येतात, याचा हिशेब आहे.

पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत एक कार्ड छापलं आहे. नाव, रक्तगट, आजार, स्टेरॉइडचं नाव, रोजचा डोस, कधीपासून, डॉक्टरांचा फोन, आणि खाली ठळक अक्षरात 'हे औषध अचानक बंद करू नये'. डोस पेन्सिलीने लिहा, कारण तो बदलणार आहे. कार्ड मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे. लोकलमध्ये किंवा एसटीत कुणाला चक्कर आली तर पर्स उघडणारा माणूस कुठली भाषा वाचणारा असेल हे सांगता येत नाही. ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते कार्ड त्यांनी विचारायची वाट न बघता दाखवा. आणि पुस्तक कुणाला वाचायला दिलंत तर देण्याआधी कार्ड फाडून घ्या.